हाडांच्या तारखा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीबाहेर एखादी बाई दुखरा हात पोटाशी धरून उभी असायची आणि तिच्याआधी तिचा नवरा बोलायला लागायचा, "पडली जिन्यावरनं," की माझं डोकं फिरायचं. मी बाईला आत घ्यायचे, दार लावायचे आणि विचारायचे, "ताई, खरं काय झालं?" ती खाली बघून म्हणायची, "पडले." बारा वर्षं मी हा एकच शब्द ऐकला. त्या बायका खरंच इतक्या पडत असत्या, तर आमच्या तालुक्यात एकही जिना शाबूत राहिला नसता.

मग २०३६ साली आमच्याकडं अस्थिकाल आलं.

ते कसं चालतं, सोपं करून सांगते. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्यात प्रथिनांचे बारीक धागे असतात आणि काळ जाईल तसे ते एकमेकांना गाठी मारत घट्ट होत जातात. या गाठी पडण्याचा वेग ठरलेला असतो. हाड मोडलं की त्या जागी नवं हाड भरून येतं आणि त्यातले धागे पहिल्यापासून सुरुवात करतात. म्हणजे पन्नास वर्षांच्या बाईच्या हातात बोटभर जागा अशी असते, जिचं वय फक्त सहा वर्षं. अस्थिकाल एक्स-रे काढता काढताच कातडीतून एक विशिष्ट प्रकाश आत सोडतं, परत आलेल्या प्रकाशावरून गाठी मोजतं आणि हाडाचा मोड कधी झाला ते सांगतं. चूक झालीच तर दहा दिवसांची, पुढं किंवा मागं.

मोड कसा झाला तेही ते सांगतं. माणूस पडताना तळवा टेकतो, तेव्हा मनगटाजवळचं हाड जातं. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला तर करंगळीच्या बाजूचं हाड मध्येच तुटतं. हात धरून पिरगळला तर मोड हाडाभोवती वळत वर चढतो. डॉक्टरांना हे पूर्वीही माहीत होतं, पण हाड भरून आलं की खुणा पुसट व्हायच्या. अस्थिकाल त्या पुसट खुणा उकरून काढतं. कुणी मोडलं, एवढं मात्र त्याला कळत नाही.

घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा मी दोन वर्षांची असताना झाला. त्यात सगळं होतं. संरक्षणाचा आदेश होता, राहत्या घरात राहण्याचा हक्क होता, पोटगी होती. नव्हता तो पुरावा. आता तो बाईच्या अंगातच सापडायला लागला. पहिल्या दोन वर्षांत आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बायकांना त्यांचं घर परत मिळालं, आणि खरं सांगते, मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

पण अहवालाच्या तळाशी एक रकाना होता. अहवाल संरक्षण अधिकाऱ्याकडं पाठवायला रुग्णाची संमती आहे का? दहातल्या सात बायका 'नाही' म्हणायच्या आणि त्याच माणसाच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी जायच्या. मी चिडायचे. नियम बदलायची समिती बसली तेव्हा मी मुंबईला जाऊन तिच्यापुढं बोलले. म्हटलं, "बाईला विचारता कशाला? तिचं 'नाही' तिचं नसतंच. ते तिच्या तोंडात कुणीतरी घातलेलं असतं." समितीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रकाना गेला. आता राज्यातल्या प्रत्येक एक्स-रे मशीनमध्ये अस्थिकाल आहे आणि अहवाल आपोआप जातो. घरातल्या ज्या माणसाच्या हातून मोड झाल्याचं ठरेल, त्याला त्या बाईबरोबर राहता येत नाही, तिच्या दारातही जाता येत नाही.

वर्षभरात आमच्याकडं येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. पुढच्या वर्षी आणखी कमी. जिल्ह्याच्या कार्यक्रमात सगळे म्हणाले, मारहाण कमी झाली. मला शाल, श्रीफळ दिलं. मीही तेच समजले. शाल घरी आणून कपाटात ठेवली.

माझी आई शालन माझ्या धाकट्या भावाकडं, संग्रामकडं राहायची. आमच्या गावापासून तासाभरावर त्याची बेदाण्याची शेड आहे. वडील ट्रक चालवायचे. घरी असले की आईला मारायचे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. २०३३ साली वडील गेले. मी आईला मिठी मारून रडले आणि मनात म्हटलं, सुटली एकदाची. दोन वर्षांपूर्वी संग्रामची बायको वृषाली माहेरी निघून गेली. का गेली, ते मी विचारलं नाही. दिवसभर परक्या बायकांना खोदून खोदून विचारणारी मी, पण माहेरच्या उंबऱ्यात माझी जीभ उचलायची नाही.

आई माझ्या रुग्णालयात कधीच आली नाही. बोलावलं की म्हणायची, "मला दवाखान्याच्या वासानं मळमळतं."

मागच्या मार्चमधली गोष्ट. रक्तदाब तपासायला आलेल्या एका बाईच्या पदराआडून मला बांबूच्या चिपा दिसल्या. हात मोडलेला, वर चिपा बांधून फडकं गुंडाळलेलं. मी म्हटलं, चला, एक्स-रे काढू. बाई चप्पल टाकून पळाली. मी तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "बाई, पाया पडते. तुमच्या मशीनपुढं उभी राह्यले तर माजा संसार मोडंल. आमी समद्या शिवलिंगअण्णाकडंच जातोय आता."

शिवलिंगअण्णा म्हणजे पलीकडच्या गावचा हाडवैद्य. त्याला चार शब्द सुनवायला मी रजा टाकून गेले. त्याच्या पडवीत बायकांची रांग होती. मला बघून निम्म्या उठून गेल्या. मी त्यांना ओळखत नव्हते, त्या मला ओळखत होत्या.

"अण्णा, बायकांचे हात वाया घालवताय तुम्ही," मी म्हटलं.

म्हातारा एका पोरीच्या हाताला लेप लावत होता. वर न बघता म्हणाला, "मी कुणाला बोलवाय जात न्हाई. तुमच्याकडनं पळून येत्यात त्या. मी कुणाला काय इचारत न्हाई, आन सांगतबी न्हाई, म्हणून येत्यात."

"घट्ट बांधलं की बोटं काळी पडतात, माहीत आहे ना?"

"ठावं हाय. दोन दिसांनी दाखवाय या म्हणतो. येत न्हाईत." मग त्यानं मान वर केली. "तुमच्या आईबी आल्या न्हाईत परत."

मला कळेना. "माझ्या आई?"

"बेदाणेवाल्या संग्रामच्या आई. गेल्या सालात दोनदा आल्त्या. परवाच्या सोमवारी तिसऱ्यांदा."

तिथून शेडवर कशी पोचले, आठवत नाही. आई मागच्या बाजूला पोत्यावर बसून बेदाणा निवडत होती. उजव्या हातानं. डावा पदराखाली होता. मी पदर बाजूला केला. तिनं विरोध केला नाही, तेवढी ताकदच नव्हती. अंग तापलेलं होतं. चिपांच्या बाहेर आलेली बोटं काळीनिळी पडली होती आणि त्यांना वास येत होता.

"मुंग्या येत हुत्या," आई म्हणाली. "आता कायबी न्हाई. बरं वाटतंय."

मागून संग्राम आला. माझा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं. तो दारात उभा राहिला आणि आईच्या आधी बोलला, "पडली ती. टाकीजवळ पाय घसरला."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर खाली घातली. मला ओरडायचं होतं, त्याच्या थोबाडीत मारायची होती, पण मी तिथंच पोत्यावर बसले आणि रडायला लागले.

आई यायला तयार होईना. मी म्हटलं, हात जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. मी म्हटलं, जीव जाईल. तिनं त्यावरही मान हलवली. शेवटी तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "त्ये मशीन लावणार न्हाईस न्हवं मला? माजी शप्पथ घे."

"नाही लावणार," मी म्हटलं. "तुझी शपथ."

अस्थिकालाशिवाय एक्स-रे आता राज्यात कुठंच निघत नाही, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली आणि ती गाडीत बसली.

शस्त्रक्रियेआधी सर्जननी हात, खांदा, छाती, सगळ्याचे एक्स-रे मागितले. आई अर्धवट शुद्धीत होती. बटण मीच दाबलं. तिचा डावा हात मनगटापासून काढावा लागला. ती टेबलावर होती तेव्हा बाहेर मी अहवाल बघितला. नऊ मोड. त्यातले चार वडील गेल्यानंतरचे, आणि तेव्हापासून त्या घरात आईखेरीज राहत होते ते संग्राम आणि वृषाली. वृषाली गेल्यानंतरचेच तीन. मी पुढं वाचलं नाही. अहवाल तोवर संरक्षण अधिकाऱ्याकडं पोचलाही होता.

तिसऱ्या दिवशी आई नीट शुद्धीवर आली. गेलेल्या हाताबद्दल तिनं काहीच विचारलं नाही.

"लावलंस न्हवं मशीन?" ती म्हणाली.

"हो."

"किती सालापासनचं दिसतं त्यात?"

"सगळं दिसतं, आई."

"समदं? तू घरी हुतीस तवाचंबी?"

"हो. अण्णा मारायचे तेव्हाचंही." आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, मेलेल्या नवऱ्याची लाज राखतेय. मला तिचा रागच आला. इतकी वर्षं झाली, हात गेला, तरी हिला त्या दोघांचंच पडलंय, असं वाटलं.

संरक्षण अधिकारी विद्युल्लता कांबळे माझ्या चांगल्या ओळखीच्या. त्या दुपारी त्या अहवाल घेऊन माझ्या खोलीत बसल्या. प्रत्येक मोडाच्या वेळी घरात कोण होतं, ते लिहायचं असतं. त्या तारीख वाचायच्या, मी सांगायचे. वडील. वडील. वडील.

"जून दोन हजार बावीस," कांबळे मॅडम म्हणाल्या. "डावा हात, पिरगळलेला. हेही वडीलच ना?"

मी पाणी प्यायले. म्हटलं, "आठवून सांगते."

आठवायची गरज नव्हती. बावीसच्या जूनमध्ये वडील बेदाणा घेऊन दिल्लीला गेले होते, ट्रक तिकडं बंद पडला आणि सव्वा महिना आले नाहीत. संग्राम खेळाच्या वसतिगृहात होता. घरात आई होती आणि मी होते. मला पुण्याला एक्स-रेच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. वडील यायच्या आत निघायचं होतं, नाहीतर त्यांनी जाऊच दिलं नसतं. मी एसटीला निघाले तेव्हा आईनं माझ्या बॅगेचा पट्टा धरला. "जाऊ नगंस. तू गेलीस की मी एकली हितं," म्हणाली. गाडीची वेळ झाली होती. मी तिचं मनगट धरलं आणि पट्टा सुटेपर्यंत पिरगळलं. ती खाली बसली. मी मागं वळून बघितलं नाही. आठवड्यानं फोन केला तेव्हा म्हणाली, "हात जरा दुखावलाय. नळावर पडले." मी विश्वास ठेवला. आयुष्यात त्या एका शब्दावर मी तेवढ्याच वेळी विश्वास ठेवला.

संध्याकाळी आईजवळ बसले.

"बावीस सालचा तो हात, आई."

"नळावर पडले हुते मी," तिनं लगेच सांगितलं.

"म्हणून येत नव्हतीस माझ्याकडं? इतकी वर्षं?"

तिनं पांघरुणाची कड नीट केली. मग म्हणाली, "तुजी नोकरीच त्या मशीनवर. तुलाच वाचाय लागलं असतं न्हवं."

मी तिच्या उशीत तोंड खुपसून रडले. ती उरलेल्या हातानं माझ्या पाठीवर थापटत राहिली, आणि ते मला मारापेक्षा जास्त लागलं. जरा सावरल्यावर मी म्हटलं, कोर्टात मी खरं सांगणार. आईनं थापटणं थांबवलं.

"मग त्येलाबी दारात येता येणार न्हाई, आन तुलाबी," ती म्हणाली. "मी एका हातानं लुगडं कसं नेसू, सांग की."

तिला विचारून ठरवायची सोय असती, तर ती म्हणाली असती, दोघंही राहा. पण बाईला विचारायचं नाही, हे मीच मुंबईला जाऊन सांगून आले होते.

सुनावणीला आईला खुर्ची दिली होती. न्यायाधीश तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्या एकेक तारीख वाचत गेल्या आणि आई प्रत्येक तारखेला म्हणत गेली, "पडले." वडिलांच्या वेळच्या मोडांना "पडले." संग्रामच्या वेळच्या मोडांनाही "पडले." न्यायाधीश हळूच मान हलवायच्या आणि लिहून घ्यायच्या. संग्रामच्या तारखांना तिच्या म्हणण्याचा उपयोग नव्हता. फटका अडवलेला हात होता, आणि शेवटच्या तिन्ही वेळी घरात दुसरं कुणी नव्हतंच.

बावीसच्या जूनवर आल्यावर संग्रामचा वकील उठला.

"मॅडम, या महिन्यात माझ्या अशिलाचे वडील हिंदुराव जमदाडे दिल्लीत होते. टोलनाक्यांच्या नोंदी आणल्यात. माझे अशील वसतिगृहात होते. घरात फक्त मुलगी होती. जी आज आईची काळजी घ्यायला पुढं आलीय."

संग्राम माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला फक्त एकट्यानं बाहेर जायचं नव्हतं.

मी उठायचं ठरवून आले होते. पाय जमिनीला टेकवून मी पुढं सरकलेही.

"मावशी," न्यायाधीश म्हणाल्या, "हात पिरगळलेला आहे. पडून असं होत नाही. हे कुणी केलं?"

आई माझ्याकडं बघत नव्हती. ती समोर भिंतीकडं बघत होती.

"ह्येंनी," ती म्हणाली. "मधी एक रात मुक्कामाला आल्ते. दुसऱ्याच्या गाडीनं. सकाळच्याला माघारी गेले."

"हे म्हणजे कोण? नाव घ्यावं लागेल."

आमच्याकडं तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शाळेत माझं नाव घालताना बापाचं नाव सांगायची वेळ आली, तेव्हा तिनं शेजारणीला पुढं केलं होतं. वडील गेल्यावर दाखल्यासाठी विचारलं, तेव्हाही तिनं माझ्याकडं बोट केलं. त्यांनी चार वेळा तिची हाडं मोडली, हाडांत दिसतात त्याहून अधिक वेळा मारलं असेल, पण 'यांनी मारलं' असं तिच्या तोंडून आजवर कुणीही ऐकलं नव्हतं.

"हिंदुराव," आई म्हणाली. "हिंदुराव गणपती जमदाडे."

आवाज स्पष्ट होता. कांबळे मॅडमनी डोळे पुसले आणि माझा हात दाबला. "बोलल्या बघा शेवटी," त्या कुजबुजल्या.

वकील काहीतरी बोलू लागला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी बाईनं तोंड उघडलंय, तिच्या शब्दावर टोलनाक्याची पावती ठेवायची नाही.

मी पुढं सरकले होते ती तशीच बसून राहिले. उठले नाही. एकदा वाटलं उठावं, मग आईचा उरलेला हात दिसला, आणि नाही उठले. हे तिच्यासाठी केलं असं मला म्हणता येईल. ते अर्धंच खरं आहे.

आदेश झाला. घर आणि शेड आईच्या हक्कात. संग्रामनं तिला हयातभर पोटगी द्यायची आणि त्या गल्लीतही यायचं नाही. आईची देखभाल मुलीनं करायची. कायद्यानं बाईला जे जे देता येतं, ते सगळं आईला मिळालं.

दोन पोलीस संग्रामला बाहेर न्यायला लागले. तो आईच्या खुर्चीजवळून जाताना थांबला. आईनं मान वर केली नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. तो दाराबाहेर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं आणि कानाशी विचारलं, "त्येला ठावं हाय न्हवं, मी त्येच्याबी टायमाला पडलेच म्हणाले?"

"हो, आई," मी म्हटलं. "ऐकलं त्यानं."